बॉबिन संपली की उठायचं

बत्तीस वर्षं मी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंजर्ल्यात, आमच्या घराच्या पडवीत बसून शिवणकाम केलं. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. गणपतीच्या आधीचा महिना तर रात्री अकरापर्यंत. सुरुवातीची वीस वर्षं पायमशीन होतं. मग मशीनला मोटर बसवली, काम झरझर व्हायला लागलं, आणि दोनेक वर्षांत माझं अंग बिघडलं. संध्याकाळी घोटे सुजत. मान उजवीकडे वळेना. पहाटे तीनला जाग यायची ती छातीत धडधडतच, आणि मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. दापोलीला जाऊन तपासण्या केल्या, सगळ्या ठीक आल्या. डॉक्टरांनी शेवटी विचारलं, "दिवसभरात तुमचे पाय किती हलतात?" मी घरी येऊन मशीनकडे बघत बसले. मोटर आल्यापासून माझे पाय हलतच नव्हते.

पोटरीचे स्नायू आवळतात आणि सुटतात, तेव्हा ते पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. पायमशीनवर हे काम दिवसभर आपोआप चालायचं. मोटरीने माझे श्रम वाचवले, पण त्याबरोबर हेही थांबलं. आज घराघरात असंच झालंय. रहाटाच्या जागी पंप आला, पाट्या-वरवंट्याच्या जागी मिक्सर आला. ती जुनी कष्टाची कामं परत यावीत असं मी म्हणत नाही, माझ्या सासूबाईंचे खांदे त्या रहाटाने कसे झिजले ते मी पाहिलंय. पण त्या कामांत जी थोडी थोडी हालचाल दिवसभर विखुरलेली होती, ती आता आपल्याला मुद्दाम पेरावी लागते.

मी आधी ती एकदम पेरायला गेले. पहाटे बारा सूर्यनमस्कार, वर तासभर चालणं. आठव्या दिवशी गुडघा सुजला आणि सगळंच सुटलं. सासूबाई जेवणाबाबत सांगायच्या की दोन घास कमी खाऊन उठावं. तोच नियम मी हालचालीला लावला. अजून थोडं जमलं असतं असं वाटत असतानाच थांबायचं. दमून थांबलं की दुसऱ्या दिवशी अंग नको म्हणतं. थोडं राखून थांबलं की अंग स्वतःहून वाट बघतं. खाली जे सांगतेय त्या प्रत्येकाला हा नियम लागू आहे.

अंथरुणात

जाग आल्यावर ताडकन उठू नका. उताणं पडूनच पावलं घोट्यातून पुढे-मागे करा, दहा-बारा वेळा, सावकाश. मग गुडघे वर घ्या, तळवे अंथरुणावर टेकलेले, आणि दोन्ही गुडघे मिळून थोडे उजवीकडे, थोडे डावीकडे झुकू द्या. नांगरलेली होडी खाडीत डुलते तेवढंच. गुडघे जमिनीला टेकवायचे नाहीत, ताण द्यायचा नाही. झुकताना श्वास सोडा, मधे येताना घ्या. आठ वेळा पुरे. मग कुशीवर वळा, हाताचा आधार घेऊन उठा, आणि अंथरुणाच्या काठावर दोन मिनिटं बसा. ज्यांना उठल्याउठल्या अंधारी येते त्यांनी हे बसणं कधीच चुकवू नये.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मणक्यांमधल्या चकत्या रात्री आडवं असताना पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपण किंचित उंच असतो आणि पाठ ताठ वाटते. त्या फुगलेल्या अवस्थेत कमरेतून वाकलं की चकत्यांवर ताण जास्त येतो. तेव्हा उठल्यानंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास कळशी उचलणं, वाकून झाडणं, पायाचे अंगठे धरायला जाणं टाळा. आधी चूल, चहा, देवाची फुलं. फुलं काढताना हात वर जातात, मान वर जाते, ती हालचाल सकाळी फार चांगली. आमच्या दारची अनंताची फांदी मी मुद्दाम छाटत नाही, तिच्यासाठी थोडं टाचा उचलावं लागतं.

खळं झाडताना

खळं म्हणजे घरापुढचं अंगण. ते झाडायचा हिरांचा खराटा तुमच्याकडेही असेल. बहुतेक जणी कमरेत वाकून एकाच हाताने झाडतात, आणि म्हणून एकाच बाजूची कंबर धरते. एक पाय पुढे ठेवा, गुडघे किंचित सैल, आणि खराटा ओढताना वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर नेत राहा. हलायचं पायांनी, कमरेने नाही. दहा फटकारे झाले की हात बदला. डाव्या हाताने पहिले काही दिवस रेघा वाकड्या येतील, येऊ द्या. खराट्याला बांबूची काठी बांधून उंच करून घेतला तर आणखी उत्तम, मी तेच केलंय. आणि झाडताना घाई नको. वाळूवर एकसारख्या रेघा उमटत जातात, खर्र खर्र असा आवाज येतो, आणि पाच मिनिटांत डोक्यातली गर्दी कमी होते. कामावरून मन न हलवता हात चालले की ते होतंच, हा माझा रोजचा अनुभव आहे.

बसून काम करणाऱ्यांना

मशीनची बॉबिन, म्हणजे खालचा दोरा गुंडाळलेली छोटी फिरकी, संपली की उठायचं, हा मी स्वतःला घातलेला नियम. आधी दोन-तीन बॉबिन भरून शेजारी ठेवायचे, म्हणजे उठावं लागू नये. आता एकच भरते, आणि रीळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला कोनाड्यात ठेवते. तुमचं काम वेगळं असेल. माझा मुलगा घरून संगणकावर काम करतो, त्याने पाण्याचा तांब्या टेबलावरून हलवून स्वयंपाकघरात ठेवला आणि टेबलावर फक्त छोटं फुलपात्र. ते संपलं की उठणं आलं. मोबाइलचा गजर लावून उठायचं आम्ही दोघांनी करून पाहिलं, पण गजर बंद करून माणूस बसूनच राहतो. कामातलीच एखादी वस्तू संपायला हवी.

उठल्यावर तीन गोष्टी, मिळून दोन मिनिटं. भिंतीला हात टेकून टाचा वर-खाली, पंधरा वेळा. हा तो पोटरीचा पंप. मग दोन्ही खांदे कानांपर्यंत उचला, आवळून धरा, मनात पाच मोजा, आणि एकदम सोडून द्या. हे तीन वेळा. आवळताना श्वास कोंडू नका, रक्तदाबवाल्यांनी तर मुळीच नाही. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी शंभरेक वर्षांपूर्वी हे दाखवून दिलं की स्नायू मुद्दाम आवळून सोडला तर तो किती ताठ होता हे माणसाला कळतं, आणि कळलं की सोडता येतं. माझे खांदे दिवसभर वर चढलेले असायचे आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. शेवटी पडवीच्या कठड्याशी उभं राहून लांब बघा. मी माडाच्या शेंड्याकडे बघते. सुईवर तासभर रोखलेले डोळे लांब गेले की कपाळ आपोआप सैल पडतं.

जमिनीवर बसणं मात्र सोडू नका, जोवर गुडघे परवानगी देतायत. पाटावर बसून विळीवर भाजी चिरणं, मग उठणं, यात कंबर-मांड्या-घोटे सगळे वाकतात. गुडघ्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो, कूर्चा दाबली जाते आणि सुटते, तेव्हाच सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. उठताना आधी एका गुडघ्यावर या, दुसरं पाऊल पुढे रोवा, हात मांडीवर, मग वर. ज्यांचे गुडघे फार दुखतात त्यांनी खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं करावं. पाच वेळा सकाळी, पाच वेळा दुपारी. बसताना धपकन नको, बसणं उठण्यापेक्षा सावकाश.

तिथी बघून चालायला जा

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना चालायला समुद्रासारखी जागा नाही, पण कुठल्याही वेळी गेलं तर ती जागा सापडत नाही. भरतीला फक्त वरची कोरडी, भुसभुशीत वाळू उरते. कोरड्या वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त शक्ती लागते, आणि प्रत्येक पावलाला घोटा डगमगतो. ओहोटीची ओली, दाबलेली वाळू वेगळी. ती पावलाला धरते आणि थोडी झेलतेही.

वेळ काढायची रीत मला आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याने, शिकवली. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, दिवसातून दोन्ही वेळा. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीची सहा. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास पुढे-मागे. अर्धा-पाऊण तास फरक पडतो, चालायला जाणाऱ्याला तेवढ्याने काही बिघडत नाही.

म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी सकाळी सव्वापाचच्या आणि संध्याकाळीही सव्वापाचच्या सुमाराला. तेव्हापासून तृतीयेपर्यंत सकाळ आपली. त्या दिवसांत उधाण असतं, भरती वर येते तसं ओहोटीला पाणीही लांब जातं आणि वाळूचं मोठं मैदान उघडं पडतं. त्रयोदशीपासून पौर्णिमेपर्यंत संध्याकाळ चांगली. अष्टमीच्या मागेपुढे भांग असतो, म्हणजे पाणी फारसं मागे हटत नाही, आणि ओहोटी येते ती भर दुपारी. ते दिवस मी किनाऱ्याला देतच नाही.

त्या दिवसांसाठी पाखाडी. जांभ्याच्या चिऱ्यांच्या या पायऱ्या आमच्या गावात वाडीवाडीतून वर-खाली गेल्यात, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, वर सावली. पूर्ण पाऊल पायरीवर ठेवून चढा, नुसत्या चवड्यावर नाही. एक गुडघा दुखरा असेल तर चढताना आधी चांगला पाय टाका, उतरताना आधी दुखरा. खालच्या पायरीपाशी गडग्याला हात धरून एका पायावर उभं राहा, दहा मोजा, मग दुसऱ्या पायावर. तोल ही सवय आहे आणि वापरली नाही तर ती जाते. पासष्टच्या पुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोलाचे व्यायाम करावेत असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मी महिन्यातून एकदा, संकष्टीला, पायऱ्यांनी कड्यावरच्या गणपतीला जाते. संकष्टीला भरती तीनला, ओहोटी नऊला, तोवर वाळूवर ऊन चढलेलं असतं. म्हणून तो दिवस कड्याचा. मधे दोनदा बसते. वर पोचल्यावर आधी वारा खाते, मग देवळात.

वाळूवर चालताना पहिली पाच मिनिटं अगदी रमत. टाच, मग तळवा, मग अंगठा, असं पाऊल उतरू द्या. हात मोकळे, मोबाइल घरी. नजर पायांकडे न ठेवता पाणी आणि आभाळ मिळतात तिथे. चार पावलांत श्वास घ्यायचा, सहा पावलांत सोडायचा. न जमलं तर तीन आणि चार. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, घेताना वाढतात, ही शरीराची घडण आहे. म्हणून सोडायला घ्यायच्यापेक्षा जास्त वेळ दिला की धडधड खाली येते. वेग किती? शेजारणीशी बोलता यावं, पण अभंग म्हणता येऊ नये, इतका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम हालचाल हवी. दिवसाला बावीस मिनिटं झाली. तुम्ही सात मिनिटांपासून सुरू करा.

किनारा पाण्याकडे उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली राहतो. ज्या रेषेने गेलात त्याच रेषेने परत या, म्हणजे कमरेच्या दोन्ही बाजूंना सारखं पडतं. मधुमेह असेल तर अनवाणी चालू नका. पावलांची जाणीव कमी झालेली असते, शिंपला कापलेला कळत नाही आणि जखम चिघळते. माझ्या जाऊबाईंना हे सोसावं लागलंय, म्हणून कळकळीने सांगते. आणि खाडीच्या तोंडाशी ओहोटी आहे म्हणून पलीकडे जायचा मोह धरू नका. पाणी वळलं की फार भराभर भरतं.

झोपाळा

कोकणातल्या ओटीवर झोपाळा असतोच आणि त्यावर कपड्यांच्या घड्या किंवा वाळत घातलेली आमसुलं असतात. तो मोकळा करा. मला झोप परत मिळवून दिली ती चालण्याइतकीच झोपाळ्याने.

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर बसा. पाठ ताठ करायची गरज नाही, पण पोक नको. कड्या हाताने धरा, मुठी आवळू नका. पावलं जमिनीवर सपाट टेकतील इतकीच उंची हवी, जास्त असेल तर खाली पाट ठेवा. आता टाच उचलून चवड्याने हलकेच ढकला, झोपाळा मागे जाईल. पुढे येताना टाच टेकू द्या. टाच, चवडा, टाच, चवडा. तुमच्या लक्षात आलंच असेल, हे माझं जुनं पायमशीनच आहे. तीच पोटरी, तोच ताल, फक्त शिवायला काही नाही. झोका वीतभर पुरे. मागे जाताना श्वास सोडा. दहा मिनिटं, मधे बोलणं नाही, टीव्हीकडे तोंड नाही.

बाळाला पाळण्यात झोप का लागते हे आपल्याला आज्यांकडून ठाऊक आहे. जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मोठ्या माणसांना सावकाश झुलणाऱ्या पलंगावर झोपवून पाहिलं, तेव्हा त्यांना झोप लवकर लागली आणि गाढ झोप वाढली. आपला झोपाळा पलंग नाही, पण तोच संथ हेलकावा त्यात आहे. ज्यांना चक्कर येण्याचा त्रास आहे त्यांनी हे करू नये, त्यांनी साध्या खुर्चीत बसून टाच-चवडा करावं. वर्षातून एकदा वरचे आकडे आणि कड्या तपासून घ्या. खाऱ्या हवेने लोखंड आतून खातं आणि बाहेरून कळत नाही.

जेवणानंतर शतपावली. लगेच अंग टाकू नका. जेवल्यानंतर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाललं की रक्तातली साखर कमी चढते, हे आता तपासून सिद्ध झालंय. पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा किनारा बंद आणि पाखाडीही बंद, शेवाळलेल्या चिऱ्यावर पाय घसरला तर खुबाच मोडायचा. चार महिने माझं सगळं चालणं पडवीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवीस पावलं भरतात. पागोळ्यांच्या आवाजात मोजत चालायला मला किनाऱ्याइतकंच आवडतं.

पहाटे तीनला जाग आली तर

घड्याळ बघू नका. कुशीवर वळा, एक हात पोटावर. पावलांपासून सुरू करा. बोटं आवळा, सोडा. पोटऱ्या आवळा, सोडा. मांड्या, पोट, मुठी, खांदे, शेवटी डोळे मिटलेले घट्ट आणि मग सैल. सोडण्याला आवळण्याच्या दुप्पट वेळ. चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आधी मला बहुतेक वेळा झोप लागते. नाहीच लागली तर तळमळत पडू नका. उठा, अंधारातच पडवीत चार फेऱ्या मारा, घोटभर पाणी प्या, परत या. पहिल्या महिन्यात मला यातलं काहीच साधलं नव्हतं. दुसऱ्या महिन्यात धडधड गेली, जाग राहिली. आता जाग येते ती आठवड्यातून एखाद्या रात्री.

चालताना छातीत दुखलं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली, बोलता येणार नाही इतका दम लागला, तर तिथेच थांबा आणि उशीर न करता दवाखाना गाठा. पाठदुखीबरोबर पाय बधिर पडत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल तर व्यायामाने बरं होईल म्हणून वाट बघू नका. मनाचा भार इतका असेल की जगणं नको वाटतंय, तर तेही डॉक्टरांना तसंच सांगा, दुखणारा गुडघा सांगतो तितक्या सरळ.

पहिल्या आठवड्यात फक्त दोन गोष्टी करा, सकाळी अंथरुणात घोटे आणि संध्याकाळी झोपाळा. दुसऱ्या आठवड्यात कामातली एखादी वस्तू लांब नेऊन ठेवा. तिसऱ्या आठवड्यात कॅलेंडर काढा आणि पौर्णिमा कधी आहे बघा. सव्वापाचला ओहोटी म्हणजे साडेपाच-सहाला निघालात तरी वाळू ओली आणि घट्ट असते. चपला हातात घ्या, मधुमेह असेल तर पायातच राहू द्या, आणि सुरूच्या बनातून खाली उतरा.